ओळखीची साक्ष

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. वर्गशिक्षिका म्हणून आजवर मी त्यात 'चांगली' याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला नाही. खिडकीची काच फोडणाऱ्याची वर्तणूक चांगली आणि सबंध वर्षात तोंडातून अक्षर न काढणाऱ्या मुलीचीही चांगली. मुलांच्या बाबतीत ते योग्यच आहे. चौदा वर्षांच्या पोराच्या कपाळावर कोणी कायमचा शिक्का मारू नये. पण मोठ्या माणसाच्या वर्तणुकीबद्दल पोलीस येऊन विचारतात तेव्हा हा रकाना इतका सोपा राहत नाही.

माझ्या मैत्रिणीचे पती संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यात होते. नोकरीत असतानाच ते वारले. दोन मुलं, भाड्याचं घर. अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळण्याची वेळ आली तेव्हा एक लांबलचक साक्षांकन नमुना हातात पडला. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, शिक्षण कुठे झालं, कधी अटक झाली का, ताब्यात घेतलं होतं का, खटला चालला का, दंड झाला का. सर्वांत वर ताकीद, की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर नोकरीसाठी अपात्र ठरू शकता. आणि शेवटी ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं.

त्यात तिनं माझं नाव लिहिलं. तिच्या दिरांना ते पटलं नाही. कारखाना संरक्षण खात्याशी संबंधित, तिथं मुसलमान शेजारणीचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. तिनंच मला हे हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही. त्या भाऊजींना मी अनेकदा चहा दिलेला आहे. ती म्हणाली, "अगं, जी मला ओळखते तिचंच नाव लिहिणार ना?"

खरा पेच दुसराच होता. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात पाण्याचे फार हाल होते. बायकांनी हंडा मोर्चा काढला, त्यात ही पुढे होती. पंधरा-वीस जणींना पोलिसांनी ठाण्यात नेऊन बसवलं, नावं लिहून घेतली आणि संध्याकाळी सोडून दिलं. गुन्हा दाखल झाला नाही. त्या दिवशी तिची मुलं माझ्याकडेच जेवली होती. आता 'कधी ताब्यात घेतलं होतं का' या प्रश्नापुढे काय लिहायचं? दीर म्हणाले, "नाही लिहा. इतक्या जुन्या गोष्टी कोण उकरतो?"

माझा भाऊ वकील आहे, त्याला विचारलं. त्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालाबद्दल सांगितलं. माहिती खरीच द्यायला हवी. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ गुन्हा अशी क्षुल्लक बाब दडवली गेली असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही, पूर्वेतिहास तपासून निर्णय घेण्याचा अधिकार त्यालाच. म्हणजे दोन्हीकडे धोका. ती रात्रभर विचार करत होती. सकाळी तिनं 'होय' लिहिलं आणि शेजारी चार ओळींत हकिकत.

दीड महिन्यानं पोलीस ठाण्याच्या गोपनीय विभागाचे हवालदार मोटरसायकलवरून आमच्या दारात आले. गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या. माझ्या सासूबाईंच्या हातातली तस्बीह थांबली. "पुलिस कायको आई रे?" त्यांनी आतूनच विचारलं. आमच्या मोहल्ल्यात पोलीस दारात आले म्हणजे चांगल्या कामासाठी आले असतील असं पहिल्यांदा कोणाच्या मनात येत नाही. मी म्हटलं, "अम्मा, शेजारच्या वहिनींचं काम आहे." तरी त्यांनी आधी माझ्या मुलाला घरात बोलावून घेतलं.

हवालदार सभ्य होते. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, कागद काढला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही यांना ओळखता का?"

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. एका माणसाची साक्ष घ्यायची होती, पण त्यांची त्याच्याशी ओळख नव्हती. दुसरा एक जण म्हणाला, मी याला ओळखतो, भला माणूस आहे. हजरत उमर (रजि.) यांनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केलास का? पैशाचा व्यवहार केलास का? तिन्हींना उत्तर 'नाही' आलं, तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. मशिदीत नमाज पढताना पाहिलं एवढ्यावर ओळख होत नसते.

मी तेच तीन प्रश्न स्वतःला विचारले. अकरा वर्षं आमची भिंत एक आहे. तिच्या घरात रात्री कोण खोकलं ते मला कळतं. पतीच्या आजारपणात तिच्यासोबत मी दोनदा मुंबईला रेल्वेनं गेले. जनरल डब्यात उभ्यानं, हातात रिपोर्टांची पिशवी, तरी जागा मिळाली तेव्हा तिनं आधी एका गरोदर बाईला बसवलं. आणि पैसा? आमची बारा जणींची भिशी तीच सांभाळते. 2020 च्या टाळेबंदीत निम्म्या जणींचे हप्ते थांबले, तेव्हा तिनं वही दाखवून प्रत्येकीचा हिशेब रुपयापर्यंत पुरा केला. हे सगळं मी हवालदारांना सांगितलं. सगळं त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या कागदावर जागाच तेवढी नव्हती.

मग विचारलं, "कधी पोलीस कारवाई वगैरे?"

तिनं काय लिहिलंय ते मला माहीत होतं. समजा 'नाही' लिहिलं असतं, तर? हा प्रश्न त्या दीड महिन्यात मला रोज छळत होता. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत साक्ष न्यायानं देण्याचा हुकूम आहे, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. तिथं मैत्रिणीला वेगळी सूट मिळेल असं मला वाटत नाही. दोन पोरांच्या भाकरीसमोर मला ते कसं जमलं असतं, अल्लाह जाणे. तिनं मला त्या परीक्षेतून वाचवलं होतं. मी मोर्चाची हकिकत सांगितली, पाणी किती दिवसांनी येत होतं तेही सांगितलं. हवालदार लिहिता लिहिता थांबले. "आमच्या लाइनीतही तेव्हा तसंच होतं," म्हणाले.

जबाब वाचून दाखवला, मी मराठीत सही केली. चहा घेऊन ते गेले. खिडक्या बंद झाल्या.

त्यानंतर चार महिने काहीच कळलं नाही. ती रोज पोस्टमनची वाट बघायची, मला काही विचारायची नाही आणि मीही विषय काढत नव्हते. दीर एकदा म्हणाले, "खरं लिहून काय मिळालं?" त्याला आमच्या दोघींकडे उत्तर नव्हतं. ईदच्या आदल्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं.

आता ती सकाळी लवकर जाते. धाकटा शाळेतून थेट आमच्याकडे येतो, सासूबाईंसोबत जेवतो. त्याला भेंडी आवडत नाही, म्हणून घरात भेंडी आता फक्त रविवारी होते.