विजोड जोडी

साताऱ्याकडचा शेतकरी बैलजोडी घ्यायला पुसेगावच्या यात्रेत उतरतो, किंवा आमच्या सांगली जिल्ह्यातला खरसुंडीच्या बाजारात हिंडतो, तेव्हा त्याची नजर एकट्या बैलावर ठरत नाही. उंची, शिंगांचा बाक, रंग, चाल, सारे तो जोडीने पाहतो. बैल कितीही देखणा असो, त्याच्या तोडीचा जोडीदार मिळेना, तर गिऱ्हाईक पुढे सरकते. लग्ने जमवणारी मंडळीही याच बाजारात शिकून आलेली असावीत! पण घरच्या गोठ्यात हा न्याय नेहमी चालत नाही. एक बैल थकलेला, दुसरा नव्या दमाचा, अशी विजोड जोडी जुंपायची वेळ येतेच. मग जाणता माणूस नांगराची दांडी जुवाच्या बरोबर मध्यावर बांधत नाही. ताकदीच्या बैलाकडे ती किंचित सरकवतो. दुबळ्याच्या बाजूचे जू लांब होते आणि त्याच्या मानेवरचा भार उतरतो.

हे ज्ञान मला संगणकाच्या बाबतीत उपयोगी पडेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझे थोरले बंधू साताऱ्याला असत. २०१७ साली त्यांनी मुलासाठी म्हणून, पण खरे तर स्वतःच्याच हौसेने, संगणकात जीटीएक्स १०६० नावाचे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले. खेळातली चित्रे पडद्यावर रेखाटण्याचे काम हे कार्ड करते. रात्री जेवणे उरकली की बापलेक मोटारींच्या शर्यती लावीत, आणि वहिनी दिवा मालवायची धमकी देत. पुढे बंधू गेले. त्यांचा संगणकही बंद पडला. २०२५ च्या पावसाळ्यात पुतण्या वालचंद महाविद्यालयात शिकण्यासाठी आमच्याकडे सांगलीस राहायला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांखाली टॉवेलात गुंडाळलेले ते कार्ड होते.

आता आमच्या घरी कन्येचा संगणक आधीपासून होताच, आणि त्यात आरएक्स ६६०० हे २०२१ सालचे, पुष्कळच ताकदीचे कार्ड. शिवाय दोघांचे घराणे वेगळे; १०६० एनव्हिडियाचे, ६६०० एएमडीचे. दुकानदार म्हणाला, "जुनं विकून टाका, दोन कंपन्यांची एकत्र नांदत नाहीत." पुतण्या काही बोलला नाही. घरी येऊन त्याने कार्ड परत टॉवेलात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवायला काकूकडे स्टूल मागितले.

"थांब दादा," कन्या म्हणाली. "एवढ्यात कशाला वर टाकतोस?"

दुकानदाराचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. दोन कार्डांना एका कामाला जुंपण्याची खटपट जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन व्हूडू-२ कार्डे चित्रातल्या ओळी वाटून घेत. एकाने सम, दुसऱ्याने विषम. २००४ साली एनव्हिडियाने आणि २००५ साली एटीआयने आपापली जोडपद्धत आणली. त्यात बहुधा एक चित्र एकाने काढायचे, पुढचे दुसऱ्याने. त्यामुळे जोडी सारखी लागे; एक मंद असला की दुसऱ्याने त्याच्यासाठी खोळंबायचे. पुसेगावचाच न्याय! भाऊबंदकी तर अशी की, २००९ साली शेजारी परक्या घराण्याचे कार्ड दिसले, की एनव्हिडियाची प्रणाली आपल्या कार्डाची फिजएक्स ही सोय बंद करू लागली. इस्रायलच्या ल्युसिड कंपनीने २०१० च्या सुमारास दोन्ही घराण्यांत काम वाटून देणारी चिप मदरबोर्डावर बसवून पाहिली. ती फार दिवस तगली नाही. २०१६ सालच्या ‘अॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या खेळाने दोन घराण्यांची कार्डे खरोखर एकत्र राबवली, पण ती तसदी प्रत्येक खेळ करणाऱ्याने स्वतः घ्यायची, आणि कोण घेतो? शेवटी २०२१ पासून एनव्हिडियानेही जोडीसाठी नव्या खेळांची तजवीज करणे सोडून दिले.

मुलांनी काढलेली वाट निराळी होती. ‘लॉसलेस स्केलिंग’ नावाची एक प्रणाली आहे. ती खेळातली दोन चित्रे पाहून त्यांच्या मधले चित्र कल्पनेने रचते. हे रचण्याचे काम दुसऱ्या कार्डावर सोपवता येते. म्हणजे दोघांनी एकच काम निम्मे निम्मे करायचे नाही. खेळ ६६०० ने काढायचा, मधली चित्रे १०६० ने भरायची.

"म्हणजे दांडी सरकवली म्हणायची!" मी म्हणालो. पोरे माझ्याकडे बघतच राहिली.

पॉवर सप्लाय दोघांना पुरेल का, याचा हिशेब आधी झाला. एकाला १३२ वॉट, दुसऱ्याला १२०. मदरबोर्डाची खालची खाच अरुंद वाटेची, पण या कामाला ती पुरली. सेकंदाला साठ चित्रे येत होती, ती एकशेवीस दिसू लागली. हात हलवल्यापासून गाडी वळेपर्यंत थोडा उशीर होतो. शर्यतीत तो जाणवतो, असे पुतण्या प्रांजळपणे सांगतो. उकाडा वाढला तो वेगळाच, आणि विजेचे बिल मी भरतो.

मला मात्र मौज वाटली ती पडद्याच्या वायरीची. ती नव्या कार्डाला जोडली, तर चित्र जुन्याकडे जाऊन पुन्हा माघारी यायचे; फुकटची ये-जा. म्हणून वायर जुन्यालाच लावतात. नव्याने काढलेले प्रत्येक चित्र बंधूंच्या कार्डातून होऊनच पोरांच्या डोळ्यांपुढे येते.

परवा दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडली होती. "दादा, याचा पंखा कुरकुरतो रे," कन्या म्हणाली, "बदलू या का?"

"बाबा असल्यापासून कुरकुरतोय," तो म्हणाला, आणि नुसता ब्रश फिरवून त्याने कार्ड पुन्हा खाचेत बसवले.