सगळेच कॅप्टन

मागच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी, जबलपूरला गेलो, तेव्हा आम्ही चार मित्रांनी बँड काढला. मी गिटार, एक जण कीबोर्ड, एक ड्रम्स आणि एक गायक. चौघेही आपापल्या शाळेत पहिले. चार पहिले एकत्र आले म्हणजे काम फत्ते, असे वाटले होते!

बँड बारा दिवस टिकला. गच्चीवर सराव चालायचा आणि प्रत्येकाला आपलेच वाद्य मोठे ऐकू यायला हवे असायचे. शेवटी ड्रमवाला म्हणाला, "यार, तुझा सोलो अर्धा कर. गायकाला जागा दे." मी ताडकन म्हणालो, "तू फक्त ताल सांभाळ." तो काही न बोलता जिना उतरून गेला. जूनमध्ये त्याच्या बाबांची बदली झाली. निरोप द्यायलाही मी गेलो नाही.

त्याच सुट्टीत मामाकडे 'सुपरहेवी' या बँडची सीडी मिळाली. आधीच नाव कमावलेल्या कलाकारांचा बँड म्हणजे सुपरग्रुप. यात रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर, डेव्ह स्टुअर्ट, जॉस स्टोन, बॉब मार्लेचा मुलगा डेमियन आणि आपले ए. आर. रहमान होते. २०११ मध्ये एकच अल्बम निघाला आणि बँड थांबला. मला बरे वाटले. म्हटले, एवढ्या मोठ्यांचेही जमले नाही!

मग त्यातले 'सत्यमेव जयते' ऐकले. राजमुद्रेखालचे, आपण रोज पाहतो ते शब्द! रहमान यांच्या चालीवर जॅगर चक्क संस्कृतात गातो. इतकी वर्षे रॉक गाजवलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या सुरात नवशिक्यासारखा उभा राहिला. तेव्हा कळले, त्यांचा बँड थोडे दिवस टिकला, पण काम पुरे करून थांबला. आमचे एक गाणेही पुरे झाले नव्हते.

बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, "आपला मिलिटरी बँड ऐकताना त्यात सर्वांत चांगला कोण वाजवतो, हे तुला कधी ओळखता आलंय?" मला उत्तर देता आले नाही.

यंदाच्या सुट्टीत धीर करून मित्राला फोन लावला. "चुकलो" एवढेच म्हणालो. त्याने उत्तर दिले नाही. रात्री मात्र मोबाईलवर त्याचे रेकॉर्डिंग आले. त्यात नुसता ताल होता.

मी त्यावर गिटार वाजवून परत पाठवले. सोलो अर्धाच ठेवला.