सोलापुरात न आलेला फास्टर फेणे

माझ्या लहानपणी सोलापुरात देहयष्टीला फार महत्त्व होतं. गल्लीच्या तोंडाशी तालीम, तालमीत तांबडी माती आणि त्या मातीत लोळून कानांची भजी झालेली मुलं हे आमच्या पेठेचं भूषण. अशा गावात मी शेवग्याच्या शेंगेसारखा निपजलो. गड्ड्याच्या जत्रेत वजनकाट्यावर उभा राहिलो, तर काटेवाला म्हणाला, "दोन्ही पाय ठिव की बे!" मी दोन्ही ठेवलेलेच होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. त्यांचा सल्ला एकच : "दूध पी आणि तालमीत जा." मी दूध प्यायलो आणि वाचनालयात गेलो.

तिथं मला बनेश फेणे भेटला. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, चणीनं माझ्याइतकाच काडीपैलवान. पण सायकलवर टांग टाकली की वारा! आणि काही सुचलं की जिभेनं 'ट्टॉक्'! तोवर मला पुस्तकांत भेटलेले सगळे नायक आजानुबाहू होते. याचे बाहू हँडलपर्यंत पोचत होते हेच पुष्कळ. छाती न फुगवता शूर होता येतं, ही बातमी मला त्या दिवशी कळली. ती बातमी सोलापुरात दुसऱ्या कुणी दिली नसती.

फेणेविषयी माझी तक्रार एकच होती. हा गृहस्थ प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, पण सोलापूरला काही येईना. निदान आमच्या वाचनालयाच्या कपाटात तसं पुस्तक नव्हतं. शेवटी बाराव्या वर्षी ती उणीव मीच भरून काढली. शंभर पानी वहीत 'सोलापुरात फास्टर फेणे' लिहून टाकलं. चादरीच्या घडीत हिरे लपवणारी टोळी, भुईकोट किल्ल्यातून थेट सिद्धेश्वराच्या तळ्याखाली जाणारं भुयार आणि शेवटी दरोडेखोरांच्या डोळ्यांत मूठभर शेंगाचटणी. अख्ख्या कथेत फेणे एकदाही सायकलवरून पडला नाही, की उन्हानं दमला नाही. तेही सोलापूरच्या मे महिन्यात!

आता वही लेखकाला दाखवायला हवी. मुखपृष्ठावर नाव होतं भा. रा. भागवत. आणि सोलापुरात भागवत म्हटलं की एकच अर्थ : सिनेमाचं थिएटर! एवढी थिएटरं चालवून माणूस पुस्तकं कधी लिहितो, याचं नवल करत मी मॅटिनीच्या वेळेला वही घेऊन दारात हजर.

"मालकांची गोष्ट तपासायची आहे," मी म्हणालो.

डोअरकीपरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. (त्याला फार वेळ लागला नाही.) म्हणाला, "ठेव. मी वाचतो."

आठ दिवसांनी वही परत देताना त्यानं अभिप्राय दिला, "झ्याक आहे. पण तुझं पोरगं कुठं भीत नाही, चुकत नाही, पडत नाही. असली माणसं आमच्या पडद्यावर चालतात. वहीत नकोत."

एवढं नेमकं समीक्षण मी पुढं दिवाळी अंकांतही वाचलं नाही. घरी येऊन चिडून मूळ पुस्तक उघडलं. खरंच की! फेणे आपटत होता, फसत होता, नको तिथं नाक खुपसत होता. तरीही पुढच्या पानावर पुन्हा सायकलवर!

भागवत सोलापूरचे नव्हेत आणि थिएटरवालेही नव्हेत, हे बऱ्याच उशिरा कळलं. जन्म 1910 चा, इंदूरचा. 1951 साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढलं. ज्यूल व्हर्नला मराठी बोलायला लावलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहिणाऱ्या. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपल्याकडे लोक मोठ्या प्रेमानं विचारतात, "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" जणू तो अजून तिसरीतच आहे! साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार सुरू झाला 2010 साली. भागवत गेले 2001 मध्ये, 91 व्या वर्षी. 2011 साली तो 'बोक्या सातबंडे'साठी दिलीप प्रभावळकरांना मिळाला, आणि 2017 च्या 'फास्टर फेणे' सिनेमात भागवतांची भूमिका केली ती याच प्रभावळकरांनी. पुरस्कार निदान त्यांच्या सोंगापर्यंत तरी पोचला. अलीकडे, 2024 साली, भारत सासण्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला तो मिळाला, तेव्हा मी पेढे वाटले. नात विचारत होती, "आजोबा, ते आपले कोण?" काय सांगणार!

राहता राहिले अण्णा. सहामाहीत गणितात नापास झालो तेव्हा त्यांनी माझ्या हातातला फेणे हिसकावून कपाटावर टाकला होता. वाचनालयाचा दंड रोज चढत होता आणि मागायची माझी छाती नव्हती. (छातीचा प्रश्न वर आलाच आहे.) एका रात्री स्टुलावर चढून पाहतो तो पुस्तकात विडीच्या बंडलाचा कागद खूण म्हणून घातलेला. परवा तो अकराव्या पानावर होता, आज चौऱ्याहत्तराव्या.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला निघण्यापूर्वी अण्णा जेवायला बसले. आईनं कडक भाकरी वाढली. अण्णांची नजर कुठंतरी लांब लागली होती. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला आणि तोंडातून स्पष्ट आवाज आला, 'ट्टॉक्!'

"काय झालं?" आईनं दचकून विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे न बघता भाकरीचा तुकडा मोडला. "काही नाही. दाढ दुखतीय."