घडणावळ किती?

'कुठनं घेतलेस गं हे कानातले?' या एका प्रश्नानं माझी वाट लावली. उत्तर होतं, 'मीच केलेत.' त्यावर समोरून हमखास येणारा दुसरा प्रश्न, 'मग विकत का नाहीस?' हा प्रश्न तीनदा आला की चौथ्यांदा आपण तो स्वतःलाच विचारतो. मीही विचारला आणि एका शनिवारी सकाळी रिकामी सॅक पाठीला लावून मंडईत पोचले.

पुण्यात दागिने बनवायची हौस असेल तर तुमचा नकाशा पेठांमधूनच सुरू होतो. सप्टेंबर २०२४मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि गाडी कुठे लावायची हा पुणेकरांचा सनातन प्रश्न माझ्यापुरता तरी सुटला. वर आलं की १८८६ साली उघडलेली मंडईची अष्टकोनी इमारत, भाजीचा वास, फुलांच्या पाट्या. तिथून चालत रविवार पेठेतली बोहरी आळी गाठायची.

बोहरी आळी म्हणजे 'हे कुठे मिळेल?' या प्रश्नाचं पुण्यातलं कायमचं उत्तर. दोऱ्या, ब्रश, कड्याकोयंडे, पॅकिंगच्या पिशव्या आणि त्यातच आसपास मण्यांची दुकानं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीशी जागा आणि भिंतभर लटकलेल्या माळा. मणी इथं वजनावर किंवा सरावर मिळतात. 'जंप रिंग' म्हणालात तरी समजतं आणि 'कडी' म्हणालात तरी. दुकानात उभ्या उभ्या भूगोलाची उजळणीही होते. काचमणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे, अकीक गुजरातमधल्या खंबातचा, मोती हैदराबादच्या बाजारातून आलेले, चमचमणारे क्रिस्टल चीनचे. आपण फक्त कोथरूडच्या!

पहिल्या खेपेला मी अर्थातच हावरटासारखी खरेदी केली. फक्त एका गोष्टीत कंजूषपणा केला, कानात अडकवायच्या हुकांमध्ये. तो पुढे महागात पडला. स्वस्त हुकांमध्ये निकेल असतं आणि निकेलनं अनेकींच्या कानाच्या पाळ्या खाजून लाल होतात. माझा पहिला जोड परत आला तो याच कारणानं. मण्यांत काटकसर करा, पण कातडीला लागणाऱ्या धातूत अजिबात नको. हा फंडा मी पैसे भरून शिकले.

अंगठ्याला अडकवलेला दोरा

खरेदी झाल्यावर सोन्या मारुती चौकाच्या बाजूला वळले. आईची तुटलेली मोहनमाळ गाठवायची होती. हे काम पटवेकऱ्याचं. सोनार दागिना घडवतो आणि पटवेकरी तो दोऱ्यात गाठवतो. काका जमिनीवर बसले होते. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, बोटं सरसर चाललेली. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, 'मीही असंच काहीतरी करते.' त्यांनी मान वर न करता विचारलं, 'मजुरी काय घेता?'

मी म्हटलं, 'मजुरी नाही हो, हौस म्हणून करते.'

आता मात्र त्यांनी वर बघितलं. मग माळ हातात घेतली, मणी मोजले, मजुरीचा आकडा सांगितला आणि मी 'हो' म्हटल्यावरच दोरा उचलला.

तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. परतीच्या वाटेवर तुळशीबागेत शिरले. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी बांधायला घेतलेल्या राममंदिराभोवतीचा हा बाजार. इथं आलेली पुण्यातली मुलगी रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. टेबलांवर मशीनमेड कानातल्यांचे ढीग होते. मी मनात हिशेब केला. इथं एवढ्याशा किमतीत जोड मिळतो, मग माझ्या जोडाला कोण जास्त देणार? मी किंमत ठरवून टाकली, दोनशे रुपये. राऊंड फिगर, कुणाला जड वाटू नये अशी. आणि इथंच माझी चूक झाली, कारण मी माझ्या कामाची तुलना ढिगाशी केली होती.

जांगडवर वीस जोड

विकण्याची जागा मात्र नदीपलीकडे मिळाली. प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्याच्या गॅरेजचं केलेलं छोटंसं दुकान. हँडलूमच्या ओढण्या, मातीचे मग, हातानं शिवलेल्या पर्स. मालकीणबाईंनी माझे जोड उजेडात धरून पाहिले, हुक वाकवून पाहिले आणि म्हणाल्या, 'जांगडवर ठेव. पस्तीस टक्के माझे.'

जांगड हा शब्द बाजारातला. माल दुकानात ठेवायचा, विकला तर पैसे, नाही तर माल परत. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, अशा व्यवहाराची दखल १९३०च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टच्या कलम २४मध्येही आहे. ऐकायला सोपं असलं तरी सगळं कागदावर हवंच. किती जोड दिले, कोणत्या तारखेला, किंमत काय, कमिशन किती, हिशेब कधी आणि हरवलं-तुटलं तर कुणाच्या खात्यावर. दोन प्रती, दोघींच्या सह्या. टॅक्सची धास्ती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आपल्याला तो आकडा गाठायला किमान तीन जन्म आहेत.

पहिल्या महिन्यात वीसपैकी सतरा जोड विकले गेले! मी हवेत. आईला आइस्क्रीम, मैत्रिणींना मिसळ. दुसऱ्या महिन्यात हिशेबाला गेले तेव्हा काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या. वय पस्तीसच्या आसपास, हातात स्टीलचा डबा, आत टिश्यूपेपरमध्ये गुंडाळलेले जोड. काम माझ्याच जातीचं, दोरा गुंडाळलेली कडी आणि खाली काचमणी. पण माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. त्यांची किंमत होती २८० रुपये.

मालकीणबाई अगदी सहज म्हणाल्या, 'अगं, हिचे दोनशेला आहेत, म्हणून ते आधी जातात. तूही दोनशेच कर ना.'

त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. राग नव्हता त्यात. 'तुम्हाला परवडतं ताई. माझं घर यावर चालतं.'

मला क्षणभर काही बोलताच येईना. आणि पटवेकरी काकांनी वर करून बघितलं होतं, ते आत्ता समजलं.

पावतीवरची ओळ

त्या रात्री पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. मणी, दोरा, हुक मिळून ६५ रुपये. डबी आणि कार्ड १५. म्हणजे ८० रुपये खर्च. दोनशेतून दुकानाचे ७० गेले, उरले १३०. त्यातून खर्च वजा केला की पन्नास. एका जोडाला मला सव्वा तास लागायचा. म्हणजे तासाला ४० रुपये, आणि त्यात पेठेत जाण्यायेण्याचं भाडं धरलेलंच नाही. माझं घर लेखांच्या मानधनावर चालतं, त्यामुळे मला हे कळलंसुद्धा नव्हतं. पण माझ्या न कळण्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यातून जाणार होती.

लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफाची पावती बघा. सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. भाव कमी-जास्त होतो, तरी घडणावळीची ओळ पावतीवरून पुसली जात नाही. आपल्या आज्यांनी त्या ओळीवर घासाघीस केली असेल, पण 'ही कशाला लावली?' असं विचारलं नाही. हातानं केलेल्या वस्तूला हाताचे पैसे पडतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आणि मास कॉमची डिग्री घेतलेल्या मला मात्र ते शिकायला गॅरेजमधल्या दुकानात जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना फोन केला. माझे जोड तीनशेचे करा आणि त्यांची किंमत कमी करायला सांगू नका, म्हटलं. त्या म्हणाल्या, 'जाणार नाहीत गं इतके.' म्हटलं, चालेल.

त्या बाई पुन्हा भेटल्या तेव्हा मी सॉरी म्हणायला गेले, तर त्यांनी विषयच बदलला. 'एक जोड पूर्ण करून मग दुसरा घेता का? तसं नका करू. आधी सगळ्या तारा कापायच्या, मग सगळ्या कड्या वळायच्या, मग सगळे मणी ओवायचे. हात बसतो.' त्यांना एका जोडाला ३५ मिनिटं लागतात. त्यांचं ऐकून मी सव्वा तासावरून पन्नास मिनिटांवर आले. हौसेला शिस्त लागली की मजा जाते म्हणतात. माझी तरी गेली नाही.

पुढच्या वीस जोडांपैकी अकराच विकले गेले, तेही दोन महिन्यांत. नऊ परत आले. ते परत घेताना थोडं खट्टू व्हायला झालंच, खोटं कशाला बोलू? पण जोडामागे आता ११५ रुपये सुटतात. सतरा जोडांचे ८५० मिळाले होते, अकरांचे १२६५ मिळाले. परत आलेल्यांचे मणी सोडवून नवे जोड करायला घेतलेत, कारण मणी काही शिळे होत नाहीत.

तर मंडळी, तुमच्याही ड्रॉवरमध्ये पक्कड, तार आणि मण्यांच्या पुड्या पडून असतील तर या शनिवारी रविवार पेठेत जरूर जा. दुकान शोधा, सह्या करा, जांगडवर ठेवा. फक्त किमतीचं लेबल लावण्याआधी हौस बाजूला ठेवून घड्याळाकडे एकदा बघा. शेजारच्या कप्प्यात कुणाचा माल आहे, तेही बघा.

मोहनमाळ आणायला गेले तेव्हा पटवेकरी काकांनी विचारलं, 'मग, मजुरी ठरली का?'

म्हटलं, 'ठरली.'

'किती?'

मी आकडा सांगितला. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'थोडी कमीच आहे.'