बगरूच्या फळ्यांवरची लाकडी दौलत

जयपूर पाहून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानात काही गोष्टी हमखास असतात. एखादी हलकी रजई, लाखेच्या बांगड्या, छापील चादरींची जोडी. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे कापडछपाईचा जुना लाकडी ठसा. बाजारात तो टोपलीत ढिगाने पडलेला असतो. घासाघीस करून घेतला, घरी आणून दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवला की छान दिसतो. पाहुणे हातात घेऊन पाहतात, कोरीवकामाचे कौतुक करतात. पण हा ठसा एकटाच कसा आणि त्याची बाकीची भावंडे कुठे गेली, असे सहसा कोणी विचारत नाही.

याचे उत्तर हवे असेल तर अजमेरच्या रस्त्याने जयपूरपासून सुमारे ३० किलोमीटर पुढे जावे. तेथे बगरू नावाचे गाव आहे. हमरस्त्यावरून पाहिले तर ते राजस्थानातल्या इतर कुठल्याही गावासारखेच धुळकट, दुकानांनी गजबजलेले दिसते. आत छिपा मोहल्ल्यात शिरले की मात्र चित्र पालटते. मोकळ्या मैदानात जमिनीवर कापडाच्या लांबच लांब पट्ट्या वाळत पडलेल्या असतात. घराघरांतून ठक्, ठक् असा आवाज येत असतो. ठसा कापडावर टेकवून त्याच्या पाठीवर मुठीने दिलेल्या ठोक्याचा तो आवाज.

छिपा म्हणजे कापड छापणारा. मराठी माणसाला या गावात एक ओळखीची खूणही सापडते. येथील छिपा समाज संत नामदेवांना मानतो आणि अनेक जण नामदेव हेच आडनाव लावतात. आपल्याकडे शिंपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नामदेवांचा उल्लेख त्यांच्या हिंदी पदांत छिपा असा येतो. पंढरपूरचे नामदेव पंजाबपर्यंत गेले हे आपण शाळेत शिकतो. वाटेत ते छिपा मोहल्ल्यातही घर करून राहिले आहेत, हे बगरूला आल्यावरच कळते.

एका फुलाला तीन ठसे

छपाईच्या जागेत पाऊल टाकल्यावर नजर आधी लांब मेजाकडे जाते आणि मग भिंतीकडे. जमिनीपासून हात पुरेल तिथपर्यंत फळ्या मारलेल्या, त्यांवर ठसे. मोठ्या कारखान्यांत तर ही मांडणी पार छतापर्यंत पोहोचलेली असते. काही ठसे तळहातावर मावतील एवढे, काही पाटाएवढे. वरवर पाहता वाण्याच्या दुकानासारखा पसारा वाटतो. पण छापणाऱ्याला विचारावे, तो मान न वळवता मागे हात घालून नेमका हवा तो ठसा काढतो.

या पसाऱ्यात शिस्त का लागते, हे समजण्यासाठी छपाईची रीत थोडी समजून घ्यायला हवी. कापडावर दिसणारे एक साधे फूल एका ठशाने होत नाही. त्याच्या बाह्यरेषेचा ठसा वेगळा, त्याला रेख म्हणतात. पार्श्वभूमी भरणारा गद आणि पाकळ्या-पानांत रंग भरणारा दत्ता. म्हणजे तीन रंगांच्या फुलाला निदान तीन ठसे आणि नक्षी गुंतागुंतीची असेल तर त्याहून जास्त. काठाचे वेगळे, कोपऱ्याचे वेगळे. हे सारे मिळून एक संच होतो. रेखेच्या आत दत्ता अगदी चपखल बसला पाहिजे. तो केसभर सरकला तरी पाकळीच्या कडेला पांढरी फट दिसते आणि गिऱ्हाईक तेवढेच पाहते.

हिशेब करून पाहिला तर थक्क व्हायला होते. पाच मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापड, ठसा दहा सेंटिमीटरचा चौकोनी. एका रंगासाठी तो ५०० वेळा टेकवावा लागतो. तीन रंगांना १,५०० ठोके. एवढे ठोके खाऊनही ज्याची रेघ तुटत नाही, तो ठसा सांभाळण्याजोगाच असणार.

ठसे कोरतात ते शिसमाच्या लाकडावर. आपल्या शिसवीच्याच जातीतले हे झाड. गुजरातेत गांधीनगरजवळचे पेथापूर हेही ठसे कोरणाऱ्यांचे जुने गाव, तेथे सागवान वापरतात. लाकूड तासून गुळगुळीत करायचे, त्यावर नक्षी उतरवायची आणि लहान-लहान छिन्न्यांनी नको तो भाग काढून टाकायचा. ठशातून आरपार बारीक भोकेही पाडतात, म्हणजे ठसा टेकवताना हवा अडकत नाही आणि रंगाचा डाग पडत नाही. बारीक नक्षीचा एक ठसा व्हायला काही दिवस लागतात. कोरून झाला म्हणून तो लगेच कामाला लागत नाही. दहा-पंधरा दिवस त्याला तेलात बुडवून ठेवतात. तेल मुरलेले लाकूड रंगाच्या पाण्याने सहजी फुगत नाही आणि उन्हाळ्यात तडकत नाही.

काळा लाल नव्हे

बगरूची जुनी ओळख म्हणजे पिवळसर कापडावर काळी आणि लाल नक्षी. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्यामुळे त्याला फिकट पिवळी झाक येते. काळा रंग करतात लोखंडाच्या मोडक्यातोडक्या तुकड्यांपासून. गुळाच्या पाण्यात ते बरेच दिवस आंबवत ठेवले की त्याचा अर्क तयार होतो. हिरडा लावलेल्या कापडाशी त्याची गाठ पडली की काळा रंग उमटतो. लाल रंगासाठी तुरटी छापतात आणि मग कापड मंजिष्ठेच्या किंवा तशाच रंगाच्या पाण्यात उकळतात. तुरटी लागली असेल तिथेच लाल रंग पकडला जातो.

गंमत अशी, की लोखंडाचा अंशही तुरटीत मिसळला तर लालाचा तपकिरी-जांभळा होतो. काळ्या रंगाचा न धुतलेला ठसा चुकून लालात बुडाला, तर तो ठसाच नव्हे, सगळे पातेले बिघडते. म्हणूनच काळ्याचे ठसे आणि लालाचे ठसे यांची सरमिसळ चालत नाही. आपल्या घरी मिसळणाच्या डब्यात हळदीचा चमचा तिखटात गेला तर फार बिघडत नाही. येथे दिवसाची मजुरी जाते.

दुसरी रीत दाबूची, म्हणजे चिखलाच्या छपाईची. माती, चुना, डिंक आणि घुणाने पोखरलेल्या गव्हाचे पीठ यांचा लगदा ठशाने कापडावर लावतात. त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि वाळल्यावर कापड निळीच्या हौदात बुडवतात. चिखलाखालचा भाग पांढरा राहतो, बाकीचा निळा होतो. रंग सुंदर, पण ठशांच्या दृष्टीने हे काम सर्वांत वाईट. चुना-डिंकाचा लगदा बारीक नक्षीत वाळून बसला की दगडासारखा होतो आणि मग तो टोकदार वस्तूने काढावा तर रेघ तुटण्याची भीती. त्यामुळे काम संपताच, जेवायला उठण्याआधी, ठसे पाण्यात घालून ब्रशने घासायचे हा नियम.

धुतलेला ठसा उन्हात ठेवायचा नाही. सावलीत, वारा लागेल असा, कडेवर उभा ठेवायचा. पूर्ण सुकल्यावरच फळीवर जातो. फळीवर नक्षीच्या तोंडावर दुसरा ठसा रचायचा नाही, कारण बारीक रेघेला लाकडाचाच धक्का पुरतो. भिंतीला ओल असेल तर फळी भिंतीपासून थोडी दूर. एका संचाचे ठसे शेजारी शेजारी. पाठीवरच्या मुठीवर किंवा कडेला खूण केलेली असते. पावसाळ्यात ऊन नसल्याने छपाई थंडावते. तेव्हा ठसे उतरवून, झाडून, कोरडे पडलेल्यांना पुन्हा तेल पाजता येते. घुणाच्या पिठावर या गावाचा धंदा चालतो, पण लाकडात कीड शिरली तर आजोबांच्या वेळचा संच पिठासारखा भुगा होतो. म्हणून तेलाची टाळाटाळ करून चालत नाही.

फळ्या भरल्या, जागा संपली

पूर्वी एवढ्या फळ्या लागतच नसत. आसपासच्या खेड्यांतील बायकांच्या घागऱ्या-ओढण्यांचे कापड हे छिपांचे मुख्य काम. कोणत्या समाजाच्या स्त्रीने कोणत्या बुट्टीचा घागरा घालायचा, हे ठरलेले असे. कापडावरून बाई कोणाकडची हे ओळखता येई. गिऱ्हाईक तेच, बुट्ट्या त्याच. त्यामुळे मोजके संच पिढ्यान्‌पिढ्या पुरत. ठसा झिजला की त्याच नक्षीचा नवा कोरून घ्यायचा.

पुढे गिरणीचे आणि नायलॉन-पॉलिएस्टरचे स्वस्त छापील कापड खेड्यांत पोहोचले. घागऱ्याचे गिऱ्हाईक आटले. जवळच्या सांगानेरमध्ये पडद्यावरून छापण्याची पद्धत आली, तिथे तर ठशांचे काम झपाट्याने मागे पडले. जुन्या बुट्ट्यांचे कित्येक संच त्या काळात चुलीत गेले किंवा भंगारवाल्याकडे.

१९७०च्या सुमारास वारा फिरला. शहरांतून आणि परदेशांतून हातछपाईच्या कापडाला मागणी येऊ लागली. जयपूरची अनोखी ही संस्था त्याच वर्षी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग अनेक जण आले. बगरूच्या मेजांवर पुन्हा ठोके पडू लागले. पण हे नवे गिऱ्हाईक जुन्यासारखे नव्हते. त्याला दर हंगामाला नवी नक्षी हवी. नवी नक्षी म्हणजे नवा संच. त्या संचावर एक मागणी छापून झाली की तो फळीवर जातो आणि पुष्कळदा परत उतरतच नाही. शिवाय नक्षी व्यापाऱ्याची असेल तर छिपाला ती दुसऱ्यासाठी वापरताही येत नाही. जागा त्याची, तेल त्याचे, धूळ झटकणे घरातल्या बायकांचे आणि ठसा मात्र परक्याचा.

मग फळी रिकामी करण्याची वेळ येते. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्यापाऱ्याच्या संचाला हात लावता येत नाही. रोजचे संच लागतात. उरतात ते जुने, ज्यांना आज कोणी विचारत नाही. नेमके तेच जुने, तेलाने काळेभोर झालेले ठसे पर्यटकांना आवडतात. शोभेच्या वस्तू विकणारा दुकानदार ते सुटे घेतो. त्याला संचाशी देणेघेणे नसते. मोठ्या नक्षीचा गद लवकर खपतो, बारीक दत्ता टोपलीच्या तळाशी पडून राहतो. अशा रीतीने एकाच फुलाची रेख पुण्याला, गद पॅरिसला आणि दत्ता जयपूरच्या बाजारात, अशी वाटणी होते. उद्या कोणी ती बुट्टी मागितली तर छापता येत नाही. हरवलेला ठसा नव्याने कोरता येतो, पण जुन्याची रेघ झिजून किंचित जाड झालेली असते आणि लाकूडही वर्षानुवर्षांत आकसलेले. नवा त्याच्या मापात बसवायचा म्हणजे कोरणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा. त्यापेक्षा सगळा संचच नवा करणे त्याला सोयीचे वाटते आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, यावर बोलणे थांबते.

यात छिपाला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरात माणसांना जागा कमी, त्याने आजोबांची फुले किती वर्षे छताला टांगायची? तरीही काही घरांतून जुने संच दोरीने एकत्र बांधून ठेवलेले दिसतात. सोबत त्या नक्षीचा छापलेला कापडाचा तुकडा असला तर फारच उत्तम, कारण कोणता ठसा कोणाबरोबर आणि आधी कोणता, हे तो तुकडाच सांगतो.

ही साधी युक्ती आपल्या घरीही चालण्यासारखी आहे. रांगोळीचे छापे, मेंदीचे ठसे, मुलांचे रबरी शिक्के, भेटकार्डांसाठी कागद कापायचे साचे एकाच डब्यात कोंबलेले असतात आणि हवा तो कधीच सापडत नाही. प्रत्येकाचा एक उमटा वहीत घेऊन शेजारी खणाचा नंबर लिहिला की डबा उपसावा लागत नाही. लाकडी असतील तर कोरडे करून, रबरी असतील तर उन्हापासून दूर आणि तोंडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवावेत.

आमेरच्या हवेलीत

बगरूला जाणे जमले नाही तरी आमेरचा किल्ला सहसा कोणी चुकवत नाही. जयपूरपासून ११ किलोमीटरवरच्या या गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी गल्लीबोळांतून थोडे चालत गेल्यावर एक जुनी हवेली लागते. ती पडायला आली होती. ती जपून दुरुस्त करण्यात आली आणि त्या कामाला २००० साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. २००५ पासून तेथे अनोखीचे हातछपाईचे संग्रहालय आहे. येथे छापलेली कापडे आणि हत्यारे मांडलेली आहेतच, शिवाय ठसा कोरणारा आणि कापड छापणारा कारागीर समोर बसून काम करताना पाहता येतो. मुलांना नेण्याजोगी ही जागा आहे. किल्ल्यावर कंटाळलेली मुले येथे मात्र हलत नाहीत.

बगरूला जायचे तर जयपूरहून अजमेर रस्त्याने बस मिळते, मोटारीने तासभर लागतो. थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात मैदाने रिकामी असतात. छिपा मोहल्ल्यात जाताना सकाळी जावे, म्हणजे छपाई चालू असलेली दिसते. मेजाजवळ उभे राहताना ओल्या कापडाला पदर लागणार नाही याची काळजी घ्यावी. गावात टिटनवाला संग्रहालयही आहे, तेथे छिपांच्या कामाची माहिती मिळते.

आणि ठसा विकत घ्यावासा वाटलाच, तर कोरणाऱ्याकडून नवा घ्यावा. जुनाच हवा असेल तर उलटून पाठ पाहावी. कडेला कसली खूण आहे का पाहावे आणि टोपलीत तशाच खुणेचा दुसरा सापडतो का, ते शोधावे. सापडला तर दोन्ही घ्यावेत. दुकानदाराला आश्चर्य वाटेल, पण तो पैसे थोडे कमी करील.