उलव्याच्या टेकडीचं गाणं

नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांत आमचं चिंचपाडा होतं. कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही आमची शेजारची आणि सोयऱ्यांची गावंही गेली. आता आम्ही पनवेलला, करंजाड्याच्या बाजूला राहतो. मी गाणी लिहितो, चाली लावतो, स्वतः गातो आणि घरच्या खोलीत रेकॉर्ड करून सोडतो. घर याच कामावर चालतं. वडाळे तलावाच्या कट्ट्यावर गिटार घेऊन बसणारी पोरं मला हे कसं जमवलं म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

गाण्याचा क्लास मी कधी लावला नाही. आजी मात्र धवलारीण होती, लग्नातले धवले म्हणजे लग्नगीतं गाणारी. आगरी लग्नात पूर्वी धवलारीणच लग्न लावायची. मांडवाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा. आधी देवांना आवतण, मग गावाचं नाव, मग नवरदेवाच्या घरची माणसं. आजी एक ओळ टाकायची, मागच्या बायका ती उचलून धरायच्या आणि तेवढ्यात तिची पुढची ओळ तयार असायची. कोण आलंय, कोण वाटेत आहे, कुणाची बहीण रुसून बसलीय, सगळं त्या ओळींत यायचं. मी वहीत लिहून घ्यायला लागलो की म्हणायची, "कागदाव कनाला लिवतस? ध्यानान रला तं खरा."

शब्द बसवायचं माझं शिक्षण ते. माणसाचं, बांधाचं, देवाचं नाव घेतलं की ऐकणारा मान वर करतो. ओळ इतकी लांब नको की मागच्यांना उचलताना दम लागेल. आणि गाण्यात दुसऱ्याला शिरायला जागा हवी. पुढे कितीतरी व्हिडिओ पाहिले, पण याहून कामाचं मला कुठे मिळालं नाही.

गिटार हातात आली ती कॉलेजात, एका मित्राची जुनी. कॉर्ड यूट्यूबवरून शिकलो. आजीचा आवाज काळी पाचला लागायचा, माझा काळी एकला बसतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी कॉर्डचा आकार धरला की काळी एक मिळते, हे कळल्यावर मला माझा सूर सापडला. खरी अडचण पुढे आली. धवल्याची चाल चार-पाच सुरांत फिरते. तिच्याखाली सारख्या कॉर्ड बदलल्या की ती सिनेमातल्या लोकगीतासारखी वाटायला लागते, तिचा ठावच जातो. बऱ्याच खटपटीनंतर मी कॉर्ड बदलणं जवळजवळ सोडलं. एकच कॉर्ड, खालची तार मोकळी वाजती ठेवायची आणि अंगठ्याने ठेका. माझ्या गाण्यांचा बाज म्हणून लोक आज जे ओळखतात ते हेच.

नोकरी तेव्हा जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात होती, गेटवर क्लार्क. ट्रेलर आत घ्यायचा, नंबर लिहायचा, सील बघायचं. रात्रपाळीत दोन ट्रेलरच्या मधे मोबाइलमध्ये ओळी गुणगुणून ठेवायचो. पगारातून आधी माइक घेतला, मग फोकसराइटचा छोटा इंटरफेस, मग रीपर सॉफ्टवेअर. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. पंखा बंद, खिडकी बंद, मे महिन्यात अंगातून पाणी निथळायचं. रस्त्यावरच्या गाड्या पहाटे जरा कमी होतात, तेवढ्या वेळात गळा मोकळा ठेवायचा. स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज उणे 14 एलयूएफएसच्या आसपास आणून ठेवतं, त्यामुळे मास्टर करताना आवाज उगाच फुगवून फायदा नाही, उलट गाण्यातला श्वास मरतो. हेही एकट्याने चाचपडतच शिकलो.

मला लोकांपर्यंत नेलं ते टेकडीच्या गाण्याने. उलव्याची टेकडी सुमारे 90 मीटर उंच होती. धावपट्टीसाठी ती सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. आमच्या घरांत तेव्हा अजून माणसं राहत होती, स्फोट झाला की भांडी हलायची. मी त्या टेकडीच्या आसपासच्या शेतांची, खाजणांची, बांधांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून गोळा केली. बरीच नावं कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती. मग आजीच्या मांडवाच्या धवल्याची चाल घेतली आणि देवांना आवतण द्यावं तसं एकेका शेताला आवतण दिलं. रडगाणं मला नको होतं. लग्नाची चाल असल्यामुळे ते गाणं हातपाय हलवत म्हणता येतं. मागच्या ओळी माझ्या आत्या आणि काकी गायल्या.

विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 2021 च्या जूनमध्ये माणसं रस्त्यावर उतरली. 10 जूनला मानवी साखळी झाली, 24 जूनला बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव. त्यांच्याच नेतृत्वाखालच्या जासईच्या 1984 च्या शेतकरी आंदोलनात पाच जण गेले, ते पाहिलेली माणसंही त्या गर्दीत होती. त्या दिवसांत हे गाणं व्हॉट्सअ‍ॅपवरून उरण, पेण, अलिबागपर्यंत गेलं. कुणी पाठवलं कुणाला माहीत. मी एक रुपयाची जाहिरात केली नव्हती.

त्यानंतर एका कंपनीचा फोन आला. हातात बरे पैसे, बदल्यात गाणं कायमचं, सगळ्या जगासाठी, पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी त्यांचं. तो करार मी दोन रात्री वाचला आणि कॉपीराइटचा कायदा शोधून वाचला. पोरांनो, हा भाग नीट वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच तयार करारांत "कायम" आणि "संपूर्ण जग" हे शब्द आवर्जून घातलेले असतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीनेसुद्धा सोडून देता येत नाही. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क आपल्या मरणानंतरही 60 वर्षं चालतो, म्हणजे तो नातवंडांचा असतो. मी सही केली नाही. गाणं डिस्ट्रिब्यूटरमार्फत स्वतः सोडलं, त्याला आयएसआरसी नंबर मिळाला, आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेचा सभासद झालो. नोंदणीत गीतकार म्हणून माझं नाव, चालीपुढे मात्र "पारंपरिक". ती चाल माझ्या नावावर लावणं मला चोरी वाटली असती.

पैशांचं सरळ सांगतो. स्ट्रीमिंगवर माझं घर चालत नाही. 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात 1000 स्ट्रीम मिळत नाहीत, त्याला रॉयल्टीच सुरू होत नाही. माझी काही गाणी त्या रेषेच्या खालीच आहेत, आणि त्यातली दोन मला सगळ्यांत आवडतात. घर चालतं ते हळदीच्या कार्यक्रमांवर, सोसायट्यांच्या दिवाळी पहाटेवर, शाळेतल्या पोरांना गिटार शिकवण्यावर, निवडणुकीत प्रचारगीतं करून देण्यावर. प्रचारगीताचे पैसे आधी घेतो आणि त्यावर नाव घालत नाही. स्वतःचं गाणं करायला लागणारा वेळ या कामांतून विकत घ्यायचा असतो. नोकरी मी सोडली ती एका फोनवरून किंवा एका गाण्यावरून नाही. हळदीच्या सीझनची कमाई वर्षभराच्या पगाराच्या जवळ आली आणि बायकोने हिशोब मांडून हो म्हटलं, तेव्हा सोडली.

जळगावकडच्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोडने 2024 मध्ये "गुलाबी साडी" स्वतः लिहून, गाऊन, भावाच्या साथीने जगभर नेलं, तेव्हापासून प्रत्येकाला तसंच एक गाणं हवंय. त्याच्या यशाचा मला मनापासून अभिमान आहे. पण 2003 पासून "आयुष्यावर बोलू काही" घेऊन गावोगावच्या नाट्यगृहांत गाणाऱ्या संदीप खरे आणि सलील कुलकर्णींची वाटही पोरांनी बघावी असं मला वाटतं. तिथे माणसं तिकीट काढून शब्द ऐकायला येतात. आपल्या पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात फक्त स्वतःची गाणी घेऊन उभं राहायचं, त्याची तयारी मी करतोय. दीड तासाची गाणी झालीत, अजून अर्धा तास हवाय.

टेकडीचं गाणं आता हळदीत डीजेवर वाजतं. लग्नसमारंभात गाणं वाजवलं तर कायद्याने परवानगी लागत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मला येत नाहीत, आणि यावेत असं मला वाटतही नाही. मागे उरणच्या बाजूला एका हळदीला गेलो होतो. तिथल्या दोन बायकांनी गाण्याला दोन कडवी स्वतःची जोडलेली होती, त्यांच्या गावच्या मिठागरांची नावं घालून. मी त्यांना ती पुन्हा म्हणायला लावली आणि मोबाइलवर घेतली. नवीन रेकॉर्डिंगमध्ये ती कडवी त्याच गाणार आहेत. गीतकार म्हणून त्या दोघींची नावं लागतील आणि वाटा किती, ते रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं ठरलंय. एकीला सही करता येत नाही, ती अंगठा देणार आहे.