आंब्याचा घरचा वैद्य

देवगडचा सडा पाहायचा तो एप्रिलात. पायाखाली तापलेला जांभा, माती औषधापुरती आणि तरीही जिकडे पाहावे तिकडे हापूसची डेरेदार कलमे! कातळात सुरुंग लावायचे, खड्ड्यात बाहेरची माती आणून भरायची आणि मग कलम लावायचे, अशी इथली बागायत.

गडी झेल्याने फळ उतरवतो, ते देठासकट. मुंबईच्या पाहुण्याला वाटते, शोभेसाठी असेल. छे हो! देठ मोडला की चीक उडतो, सालीवर डाग पडतो, शिवाय चिकाबरोबर फळाचा घरचा वैद्यच निघून जातो. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात रिसॉर्सिनॉल जातीची द्रव्ये असतात. ती बुरशीला डोके वर काढू देत नाहीत. करप्याची बुरशी मोहराच्या, कैरीच्या दिवसांतच अवकाळी ओलीचा फायदा घेऊन आत शिरते आणि सालीखाली निजून राहते. फळ पिकू लागले की ही द्रव्ये ओसरतात, बुरशी जागी होते. दादरला पेटी उघडताना काळे ठिपके दिसतात ते याच मुहूर्तावर! बागायतदाराची वर्षाची कमाई त्या ठिपक्यांत जाते.

गेलेल्या वैद्याच्या जागी दुसरा नेमावा, म्हणून शास्त्रज्ञांनी खाण्याजोग्या लेपाची युक्ती काढली आहे. आंबा, पपई, केळी यांवर तिचे प्रयोग झाले आहेत. लेप कोरफडीच्या गराचा, ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या मेणाचा किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून काढलेल्या कायटोसानचा. (हे शेवटचे घरातल्या सोवळ्या आजींच्या कानावर न घातलेले बरे!) त्यात दालचिनीचे, लवंगेचे नाहीतर थायमॉल असलेले तेल किंचित मिसळतात. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा झणका. बुरशीच्या पेशीचे आवरण तो खिळखिळे करतो.

खरी कसोटी पुढेच आहे. झाडावरून उतरला तरी आंबा श्वास घेत असतो. लेप जाड झाला तर तो घुसमटतो, आतल्या आत आंबतो. तेल वाढवावे, तर बुरशी हटते खरी, पण घमघमाट ओव्याचा! २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या हापूसला ही थट्टा कशी सोसावी?

आमच्या यजमान बागायतदारांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. हातातले फळ देठाशी हुंगले.

"आंब्याक आंब्याचोच वास होयो," म्हणाले, आणि पेंढा पसरून पुढची पेटी भरू लागले.